ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरायला इतकं अवघड का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं मी ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी भाषांतर आणि चाचणीचं काम करते आहे. लोकांच्या शेजारी बसायचं, ते सॉफ्टवेअर कसं वापरतात ते बघायचं आणि लिहून ठेवायचं, असं माझं काम. या काळात जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. या सॉफ्टवेअरवर माझा जीव आहे, म्हणून काही ठिकाणी स्पष्ट बोलले आहे.

तक्रार खरी आहे, की नुसता सवयीचा प्रश्न आहे?

थोडं हेही आहे आणि तेही. एका सॉफ्टवेअरवर दहा वर्षं हात बसलेल्या माणसाला दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर पहिल्या आठवड्यात परकंच वाटतं. शॉर्टकट बदललेले, मेन्यू दुसरीकडे, चिन्हं अनोळखी. हा त्रास सवयीचा असतो आणि तो ओसरतो.

सहा महिन्यांनीही तीच जागा तितकीच अडवत असेल, तर दोष इंटरफेसचा, म्हणजे वापरणाऱ्यासमोर येणाऱ्या मांडणीचा. डायलॉगमध्ये ‘ओके’, ‘अप्लाय’ आणि ‘क्लोज’ अशी तीन बटणं आहेत आणि कुठलं दाबल्यावर बदल लागू होतो ते दर वेळी आठवावं लागतं. एरर येते, पण तिच्यात फक्त एक आकडा असतो. हवं ते सेटिंग ‘ॲडव्हान्स्ड’च्या आत ‘इतर’मध्ये दडलेलं असतं. यात सवयीचा काही संबंध नाही.

नवखेच अडखळतात असंही समजू नका. एरिक रेमंड हे ओपन सोर्सच्या अगदी सुरुवातीच्या पुरस्कर्त्यांपैकी एक. 2004 मध्ये त्यांना नेटवर्कवरचा प्रिंटर जोडायचा होता. प्रिंटिंगसाठी वापरली जाणारी कप्स ही प्रणाली आणि तिचे सेटिंगचे पडदे यांच्याशी झगडताना ते इतके वैतागले की त्यावर त्यांनी सविस्तर लेख लिहिला. आयुष्य प्रोग्रामिंगमध्ये घालवलेल्या माणसाला जिथे वाट सापडत नाही, तिथे बाकीच्यांनी स्वतःला मठ्ठ समजायचं काही कारण नाही.

इतकी हुशार माणसं हे लिहितात, मग इंटरफेसच का फसतो?

याचं नेहमीचं उत्तर ‘प्रोग्रामरना सौंदर्यदृष्टी नसते’ असं असतं. मला ते पटत नाही. इंटरफेस सुंदर नसला तरी चालतो. तो कळायला हवा. आणि तो कळतोय की नाही, हे लिहिणाऱ्याला स्वतःला कधीच दिसत नाही, कारण त्याला आतलं सगळं आधीच ठाऊक असतं. ज्यानं घर बांधलं, त्याला अंधारातही दिव्याचं बटण सापडतं.

कोड खुला नसलेलं, बंदिस्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही हीच अडचण असते. पण तिथे विक्री घटली की कुणीतरी जाब विचारतं. ओपन सोर्समध्ये वैतागलेला माणूस काही न बोलता निघून जातो. त्यानं पैसे भरलेले नसतात, त्यामुळे तो परत मागायला येत नाही. बग ट्रॅकरवर, म्हणजे चुका नोंदवायच्या साइटवर, खातं उघडून इंग्रजीत तक्रार लिहिण्याइतका त्याचा जीव त्यात अडकलेला नसतो. म्हणजे तक्रारींच्या यादीत आवाज कुणाचे उरतात? जे टिकले त्यांचे. आणि टिकलेल्यांना शिकून घेतलेली गुंतागुंत खुपत नाही, उलट नवीन फीचर हवं असतं. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, प्रामाणिकपणे ही यादी वाचतो, प्रामाणिकपणे तिच्याप्रमाणे काम करतो आणि सॉफ्टवेअर नवख्या माणसापासून आणखी एक पाऊल लांब जातं.

एक दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की आता ते मला आधीच दिसतं. माणूस चुकीचं बटण दाबतो, काम होत नाही, तो माझ्याकडे वळून म्हणतो, ‘सॉरी, माझंच काहीतरी चुकलं असेल.’ ज्याला चूक स्वतःची वाटते, तो बग कशाला नोंदवेल?

या विषयावर कधी नीट अभ्यास झाला आहे का?

झाला आहे, आणि फार पूर्वी. 2001 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं लिनक्ससारख्या प्रणालींवरच्या जीनोम 1.4 या डेस्कटॉपची 12 लोकांवर चाचणी घेतली आणि अहवाल सर्वांसाठी खुला केला. पुढच्याच वर्षी जीनोमनं इंटरफेसचे लेखी दंडक जाहीर केले. बटणांचा क्रम, डायलॉगमधले शब्द, मोकळी जागा, सगळं त्यात ठरवून दिलं. त्याच वर्षी जून महिन्यात आलेल्या जीनोम 2.0 मध्ये सेटिंगची गर्दी चांगलीच छाटलेली होती. अवघ्या 12 माणसांना बघून एका मोठ्या प्रकल्पाची दिशा बदलली, हे मला आजही फार आश्वासक वाटतं.

सेटिंग्जची एवढी भाऊगर्दी का असते?

कारण सेटिंग वाढवणं हा भांडण मिटवायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. दोघांची मतं वेगळी. एकाला वाटतं नवीन टॅब शेवटी उघडावा, दुसऱ्याला वाटतं चालू टॅबच्या शेजारी. दोघंही विनामोबदला काम करताहेत आणि दोघांनाही दुखवायचं नाही. मग एक चेकबॉक्स वाढतो आणि दोघं खूश होतात. निर्णय घ्यायचं काम मात्र वापरणाऱ्याच्या गळ्यात पडतं, ज्याला हा वाद होता हेही माहीत नसतं.

शिवाय प्रत्येक चेकबॉक्सची किंमत असते. दहा चेकबॉक्स म्हणजे 1,024 वेगवेगळ्या जुळण्या, आणि त्या सगळ्या तपासणं कुणालाच शक्य नसतं. बग अशाच जुळण्यांमध्ये लपतात.

सेटिंग असूच नये असं माझं म्हणणं नाही. ज्याला खरंच गरज आहे त्याच्यासाठी दार असावं, फक्त ते दिवाणखान्यात नको. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉप प्रकल्पाचं ‘आधी साधं, गरज पडल्यास ताकदवान’ हे धोरण मला पटतं. अमलात आणायला ते अवघड आहे, कारण आधी ‘साधं’ कुणासाठी ते ठरवावं लागतं.

‘वापरणारा कोण’ हे ठरवल्यानं खरंच एवढा फरक पडतो?

जिंप या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरच्या ‘सेव्ह’ची गोष्ट सांगते.

मे 2012 मध्ये आलेल्या जिंप 2.8 पर्यंत तुम्ही जेपीजी फाइल उघडून बदल केले आणि ‘सेव्ह’ केलंत, की ती जेपीजी म्हणूनच सेव्ह व्हायची. 2.8 पासून ‘सेव्ह’ म्हणजे फक्त जिंपचा स्वतःचा एक्ससीएफ फॉरमॅट. जेपीजी किंवा पीएनजी हवी असेल तर ‘एक्सपोर्ट’. यावर प्रचंड ओरड झाली. फोटोची एक कड कापायची, तरी एक्सपोर्ट करायचं आणि वर बंद करताना ‘बदल सेव्ह केलेले नाहीत’ असा इशारा वाचायचा.

पण जिंपच्या चमूच्या बाजूनं बघा. जेपीजीमध्ये लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक रचलेले थर, टिकत नाहीत. चार तास खपून वीस लेअरचं चित्र बनवलेला माणूस ते जेपीजीत सेव्ह करायचा, आपलं काम सुरक्षित आहे असं समजून खिडकी बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडल्यावर त्याला एकच सपाट थर दिसायचा. चमूनं ठरवलं होतं की हे सॉफ्टवेअर प्रामुख्यानं सखोल काम करणाऱ्यांसाठी आहे. त्या निकषावर नवा ‘सेव्ह’ बरोबरच होता.

म्हणजे हा इंटरफेस चांगला की वाईट? सखोल काम करणाऱ्यासाठी चांगला, फोटोची कड कापणाऱ्यासाठी त्रासाचा. माझा आक्षेप निर्णयाला नाही. निर्णय कुणाला डोळ्यांसमोर ठेवून घेतला आहे, हे पडद्यावर कुठेच कळत नव्हतं, याला आहे. ‘सेव्ह’च्या डायलॉगमध्ये फाइलच्या नावापुढे ‘.jpg’ टाइप करणाऱ्याच्या मनात काय आहे, ते सॉफ्टवेअरला तेव्हाच कळलेलं असतं. त्याच क्षणी ‘एक्सपोर्ट करायचं आहे का?’ असं विचारून पुढचं सगळं करून टाकता आलं असतं, तर अर्धा राग तिथेच विरला असता.

डिझायनर लोक या प्रकल्पांत का येत नाहीत?

येतात. टिकत नाहीत.

डेव्हलपर एक लहानसा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवतो. तो तपासला जातो, स्वीकारला जातो आणि त्याचं नाव इतिहासात नोंदलं जातं. डिझायनरचं काम असं तुकड्यांत मोडत नाही. तो म्हणतो, या तीन खिडक्या एकत्र करा, हे चार मेन्यू काढून टाका. यातलं काहीच तो स्वतः करून दाखवू शकत नाही. दुसऱ्या कुणीतरी महिनाभर कोड लिहावा लागतो. मग चर्चा सुरू होते, आणि या चर्चेत प्रत्येकाला मत असतं. मेमरी व्यवस्थापनाचा पॅच आला तर दोन जण बोलतात, बटणाच्या रंगाचा आला तर पन्नास. 1999 मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींमध्ये या प्रकाराला ‘सायकल शेडचा रंग’ असं नाव रूढ झालं, कारण अणुभट्टीवर बोलायला ज्ञान लागतं आणि शेडच्या रंगावर कुणीही बोलू शकतं.

एका प्रकल्पात माझ्या ओळखीच्या एका डिझायनर मुलीनं आठ जणांशी बोलून, त्यांची कामं बघून, मेन्यूची नवी मांडणी तयार केली. पहिलंच उत्तर आलं, ‘मला तर आत्ताचंच सोपं वाटतं.’ तिच्या आठ निरीक्षणांचं आणि त्या एका मताचं वजन सारखंच धरलं गेलं. ती पुन्हा आली नाही. तिला दोष द्यावासा मला वाटत नाही.

पैसा आला की हे सुटेल का?

पैशानं मदत होते, पण थ्रीडी ॲनिमेशन बनवायच्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरचा इतिहास नीट पाहिला तर त्यात आणखी काहीतरी सापडतं. ब्लेंडर बनवणारी कंपनी 2002 मध्ये बुडाली. लोकांनी एक लाख युरो जमवून त्याचा कोड मुक्त करून घेतला. पुढची कित्येक वर्षं ब्लेंडर म्हणजे अवघड इंटरफेसचं ठरलेलं उदाहरण होतं. इतर जवळपास सगळीकडे डाव्या क्लिकनं वस्तू निवडली जाते, ब्लेंडरमध्ये उजव्या. नवखा माणूस पहिल्याच क्लिकला हरवायचा.

पण ब्लेंडर फाउंडेशननं एक विलक्षण गोष्ट सुरू केली. त्यांनी ॲम्स्टरडॅममध्ये स्वतःच्या ॲनिमेशन फिल्म बनवायला घेतल्या आणि कलाकार व डेव्हलपर एकाच छताखाली बसू लागले. कलाकाराचं काम अडलं की डेव्हलपर ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. वर्षानुवर्षं असं चाललं, मध्ये 2.5 मालिकेत इंटरफेस एकदा मुळापासून बदलला गेला, आणि 30 जुलै 2019 ला आलेल्या 2.80 मध्ये डावी क्लिक हा डिफॉल्ट झाला. ज्यांच्या हाताला उजवी बसली होती त्यांच्यासाठी तो पर्यायही ठेवला. माझ्या मते ब्लेंडरला वर काढलं ते या शेजारी बसण्यानं. पैशानं खुर्च्या जवळ आणल्या.

फायरफॉक्सची गोष्ट वेगळी आहे. मोझिलाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये ब्राउझर, ईमेल, वेबपेज संपादक असं सगळं एकत्र कोंबलेलं होतं. 2002 मध्ये मोजक्या लोकांनी ठरवलं की फक्त ब्राउझर करायचा. 9 नोव्हेंबर 2004 ला फायरफॉक्स 1.0 आला. तिथे सगळ्यात मोलाचं ठरलं ते फीचर मागणाऱ्यांना ठामपणे ‘नाही’ म्हणणं.

इंटरफेस सुधारला तरी जुने वापरकर्ते का चिडतात?

कारण त्यांचं खरंच नुकसान होतं. शिकण्यात घातलेली वर्षं एका अपडेटमध्ये वाया जातात. 2011 मध्ये जीनोम 3 आल्यावर जुनी मांडणी जपण्यासाठी माटे हा फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरून वेगळा काढलेला प्रकल्प, निघाला, लिनक्स मिंटच्या मंडळींनी सिनेमन हा वेगळा डेस्कटॉप उभा केला, आणि दोन्ही आजही वापरात आहेत. साइट बनवायच्या वर्डप्रेसच्या 5.0 आवृत्तीनं डिसेंबर 2018 मध्ये ब्लॉक संपादक आणला, तेव्हा सोबत जुना संपादक परत मिळवून देणारं प्लगिनही दिलं. लाखो साइटनी ते बसवलं.

या रागाला आडमुठेपणा म्हणून झटकू नये. तसंच त्याला घाबरून काही बदलूच नये, असंही नाही. बदल का केला ते आधी सांगा, जुन्या सवयीला काही काळ वाट ठेवा.

कमांड लाइनला हे सगळं लागू होतं का?

पूर्णपणे. आज्ञा टाइप करून चालवायचा, अक्षरांचा असला तरी तो इंटरफेसच. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटमध्ये ‘चेकआउट’ ही एकच कमांड ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, बदलायलाही होती आणि फाइलमधले बदल पुसून टाकायलाही. पहिल्या कामात धोका फारसा नाही. दुसऱ्यात कमिट न केलेलं, म्हणजे गिटमध्ये नोंदवून न ठेवलेलं, काम न विचारता कायमचं जातं. 2005 पासून हे असंच चालत आलं होतं. ऑगस्ट 2019 मध्ये गिट 2.23 नं ‘स्विच’ आणि ‘रिस्टोर’ अशा दोन वेगळ्या कमांड दिल्या, जुनी कमांड न काढता. शब्द नीट निवडणं हेसुद्धा डिझाइनच आहे, हे मी नेहमी या उदाहरणानं सांगते.

बंदिस्त सॉफ्टवेअरचे इंटरफेस चांगले असतात का मग?

सरसकट नाही. तिथे काही वेळा इंटरफेस जाणूनबुजून फसवा केलेला असतो. सदस्यत्व रद्द करायचं बटण फिकट आणि दडवलेलं, ‘सगळं मान्य’ मात्र ठळक. ओपन सोर्समधला वाईट इंटरफेस सहसा निष्काळजीपणातून येतो, तुम्हाला लुबाडायला नाही. म्हणून तर तो सुधारावा असं इतकं वाटतं.

भाषांतराचा इंटरफेसशी काय संबंध?

भाषांतर करताना इंटरफेसमधली प्रत्येक भेग दिसते. माझ्यासमोर फाइलमध्ये नुसता ‘ओपन’ हा शब्द येतो. ही आज्ञा आहे की स्थिती? मराठीत आज्ञा असेल तर ‘उघडा’, फाइलची स्थिती असेल तर ‘उघडी’. डेव्हलपरनं संदर्भाची एक ओळ जोडली असती, आणि भाषांतरासाठी वापरल्या जाणाऱ्या गेटटेक्स्टमध्ये तशी सोय आहे, तर प्रश्नच आला नसता.

त्याहून वाईट म्हणजे जोडून बनवलेली वाक्यं. एक तुकडा ‘डिलीट’, मग फाइलचं नाव, मग ‘फ्रॉम’, मग फोल्डरचं नाव. इंग्रजीत हे तुकडे ओळीनं नीट बसतात. मराठीत क्रियापद शेवटी जातं आणि प्रत्यय नावाला चिकटतो, त्यामुळे तेच तुकडे त्याच क्रमानं लावले की वाक्य मोडतं. संपूर्ण वाक्य एकसंध द्यावं आणि नावांसाठी जागा सोडाव्यात. एवढं केलं तरी जगातल्या कितीतरी भाषा बोलणाऱ्यांना तो पडदा वाचता येईल.

दृष्टिहीन वापरकर्त्यांचं काय?

अनेक प्रकल्पांत त्यांचा विचार सगळ्यात शेवटी होतो. बटणाला चिन्ह असतं, पण पडदा मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचता येईल असं नाव नसतं, मग कानावर फक्त ‘बटण, बटण, बटण’ पडतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक वेबच्या प्रचलित निकषानुसार नेहमीच्या मजकुरासाठी किमान 4.5 ला 1 असायला हवा. फिकट राखाडी अक्षरं तिथे नापास होतात.

पण याच क्षेत्रात ओपन सोर्सचं एक अभिमानास्पद काम आहे. एनव्हीडीए हा विंडोजसाठीचा मुक्त स्क्रीन रीडर. तो 2006 मध्ये मायकेल करन यांनी सुरू केला, पुढे जेम्स टेह जोडले गेले. दोघंही स्वतः दृष्टिहीन. लिहिणारा आणि वापरणारा एकच असला की काय होतं, ते तिथे दिसतं.

लोक कुठे अडतात हे हेरगिरी न करता कसं कळणार?

विचारून, आणि होकार मिळाल्यावरच. केडीईमध्ये वापराची माहिती पाठवण्याची सोय आहे, पण ती आपण होऊन सुरू करावी लागते. 2021 मध्ये ऑडॅसिटी या आवाज संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी माहिती गोळा करायचा प्रस्ताव आला. माहिती बाहेरच्या कंपन्यांच्या सेवांमार्फत जाणार होती, त्यामुळे मोठा विरोध झाला आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. तसंही, आकड्यांवरून कळतं ते इतकंच की बटण दाबलं गेलं नाही. ते दिसलं नाही, कळलं नाही, की दाबायची भीती वाटली, हे आकडे सांगत नाहीत.

‘आवडत नसेल तर स्वतः बदला’ हे उत्तर योग्य आहे का?

नाही. कोड खुला असणं हा हक्क आहे. कोड लिहिता न येणाऱ्याला तो हक्क टोमणा म्हणून ऐकवू नये.

मला कोड येत नाही. मी काय करू शकते?

तुम्ही अडलात ती जागा लिहून कळवा. ‘इंटरफेस भंगार आहे’ असं लिहिलंत तर समोरचा माणूस दुखावेल आणि हाती काही लागणार नाही. चार गोष्टी लिहा. मला काय करायचं होतं, मी काय दाबलं, मला काय होईल असं वाटलं आणि प्रत्यक्षात काय झालं. यातली तिसरी सगळ्यात मोलाची असते आणि तीच बहुतेक जण गाळतात. उपाय सुचवला नाहीत तरी चालेल. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, पडद्याचा फोटो मात्र जोडा. आणि पहिल्या आठवड्यातच लिहा. महिन्याभरानं तुम्हालाही ती अडचण दिसेनाशी होते.

मी मेंटेनर आहे, वेळ अजिबात नाही. एकच गोष्ट करायची तर कुठली?

तुमचं सॉफ्टवेअर कधीही न पाहिलेल्या एका माणसाला बोलवा, खरं काम द्या आणि शेजारी गप्प बसा. सगळ्यात अवघड भाग गप्प बसण्याचा आहे. तो चुकीच्या मेन्यूत शिरेल, तुमचा हात शिवशिवेल, ‘अरे ते वर आहे’ असं ओठांवर येईल. बोलू नका. त्यानं विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच म्हणा. तो मोठ्यानं विचार करत राहील असं बघा आणि कुठे थांबला, कुठे परत फिरला ते टिपा.

उपयोगितेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी 2000 मध्ये मांडलं की पाच माणसांत साधारण 85 टक्के अडचणी दिसून येतात. तो आकडा सरासरीचा आहे आणि त्यावर वादही झाले आहेत, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. पहिल्या माणसातच पोट ढवळून निघतं, तिसऱ्यापासून त्याच जागा पुन्हा दिसू लागतात. पंधरा माणसं मिळाली तरी सगळ्यांना एकदम बोलावू नका. पाच जणांना बघा, सापडलेलं दुरुस्त करा आणि पुढच्या पाच जणांसमोर दुरुस्त केलेली आवृत्ती ठेवा.